वन्य जिनसेंग : ॲपलेशियन डोंगरांतील मुळी आणि तिचा तीन शतकांचा व्यापार

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन पर्वतरांगेत सप्टेंबर महिना लागला की अनेक कुटुंबे खांद्यावर झोळी आणि हातात अरुंद पात्याची कुदळ घेऊन रानात शिरतात. पानझडी वृक्षांच्या दाट सावलीत, ओलसर उतारांवर ती लाल फळांचा लहानसा झुबका शोधत असतात. हा झुबका ज्या रोपट्यावर असतो ते जेमतेम गुडघाभर उंच असते. परंतु त्याखालच्या मुळीला बाजारात मोठी किंमत येते. ही मुळी म्हणजे अमेरिकी जिनसेंग.

रानात वाढलेल्या वाळलेल्या जिनसेंगला अलीकडच्या काळात एका पौंडास, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, बहुधा ५०० ते ८०० डॉलर इतका भाव मिळत आला आहे. यातील बराचसा माल हाँगकाँगमार्गे चीन व पूर्व आशियातील इतर बाजारपेठांत जातो. अमेरिका हे स्वतंत्र राष्ट्र होण्यापूर्वीपासून चालत आलेल्या या व्यापाराने डोंगरातील गरीब कुटुंबांना अडीअडचणीच्या काळात रोख पैसा दिला, त्यांच्या वाणीला शब्द दिले आणि रानाशी वागण्याचे काही नियमही दिले. आज मात्र या वनस्पतीच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त होत आहे. मुळी जितकी जुनी तितकी ती मोलाची. पण भाव जितका चढा तितकी तिला जुनी होण्याची संधी कमी. वन्य जिनसेंगचा सारा प्रश्न या एका विसंगतीत सामावलेला आहे.

वनस्पतीची ओळख

अमेरिकी जिनसेंगचे शास्त्रीय नाव पॅनॅक्स क्विन्क्वेफोलियस असे आहे. लिनियस यांनी १७५३मध्ये हे नामकरण केले. 'पॅनॅक्स' हा शब्द सर्व व्याधींवरील उपाय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. कॅनडातील क्वेबेक व ओंटारिओ प्रांतांपासून दक्षिणेस जॉर्जियापर्यंत आणि पश्चिमेस मिनेसोटा व मिसुरी या राज्यांपर्यंत ही वनस्पती आढळते. तथापि केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, टेनेसी, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या डोंगराळ राज्यांशी तिचे नाव विशेष जोडले गेले आहे.

जिनसेंग बहुवर्षायू आहे. शरद ऋतूत त्याचा जमिनीवरचा भाग सुकून गळून पडतो आणि वसंतात मुळीच्या मानेवरील कोंबातून नवा देठ फुटतो. गळून पडलेला प्रत्येक देठ मानेवर एक व्रण ठेवून जातो. हे व्रण मोजून मुळीचे वय सांगता येते. पहिल्या वर्षी रोपाला केवळ तीन पर्णिका असतात. पुढे वयाबरोबर देठाच्या टोकाशी दोन, तीन आणि क्वचित चार फाटे फुटतात व प्रत्येक फाट्यावर साधारणतः पाच पर्णिका येतात. तीन फाट्यांचे रोप प्रौढ मानले जाते आणि बहुतेक राज्यांचे कायदेही हीच खूण प्रमाण मानतात.

या वनस्पतीची वाढ अतिशय संथ असते. फळातील बी जमिनीवर पडल्यानंतर लगेच उगवत नाही. ते मातीत सुमारे दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ निद्रिस्त राहते. रोपाला फळे धरण्यास अनेक वर्षे लागतात आणि धरलेल्या फळांची संख्याही थोडकीच असते. अनुकूल जागी एखादे रोप पन्नास वर्षांहूनही अधिक जगू शकते. मुळी खणली की संपूर्ण वनस्पती नाहीशी होते. हिरडा, बेहडा किंवा मोहाची फुले दरवर्षी त्याच झाडाखाली वेचता येतात, तसे येथे होत नाही.

माणसाच्या आकाराची मुळी

'जिनसेंग' हा शब्द चिनी भाषेतील 'रेनशेन' या शब्दापासून आला असून त्यातील 'रेन' म्हणजे मनुष्य. जुन्या मुळीला हातापायांसारख्या शाखा फुटतात, त्यावरून हे नाव पडले. चीनच्या ईशान्य भागात व कोरियात वाढणारे आशियाई जिनसेंग ही याच कुळातील वेगळी जाती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या 'शेननोंग बेनत्साव जिंग' या चिनी औषधीग्रंथात तिचा उल्लेख येतो.

चीनमधील चांगबाई पर्वताच्या परिसरात जिनसेंग ही चैतन्य असलेली, माणसाला चकवून पळून जाणारी वस्तू मानली जात असे. म्हणून ती दिसताच रोपाला लाल दोरा बांधण्याची प्रथा होती. कोरियातील पारंपरिक मुळी शोधणाऱ्यांना 'सिम्मानी' म्हणतात. मुळी सापडली की 'सिम पाहिले' या अर्थाची आरोळी देण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. चीनच्या चिंग राजवटीने मांचुरियातील जिनसेंग खणण्यावर परवाने व निर्बंध लादले होते. तरीही अतिखोदाईमुळे तेथील रानातले जिनसेंग दुर्मिळ होत गेले. चीनमधील या टंचाईमुळेच दूरच्या अमेरिकी मुळीला मागणी निर्माण झाली.

चिनी वैद्यकाने या दोन मुळ्यांत भेद केला. आशियाई जिनसेंग उष्ण प्रकृतीचे, तर अमेरिकी जिनसेंग शीत प्रकृतीचे मानले गेले. त्यामुळे अमेरिकी मुळी ही आशियाई मुळीची केवळ स्वस्त प्रतिकृती न राहता तिला स्वतंत्र स्थान मिळाले. उष्ण आणि शीत पदार्थांचा विचार घरोघरी करणाऱ्या भारतीय वाचकाला हा भेद सहज समजण्यासारखा आहे.

मॉन्ट्रियलजवळचा शोध

प्येर जार्तू हे फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक चीनच्या कांगशी सम्राटासाठी नकाशे तयार करण्याच्या कामावर होते. १७०९मध्ये मांचुरियाच्या सरहद्दीजवळ त्यांना जिनसेंग पाहावयास मिळाले. १७११मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी या वनस्पतीचे सविस्तर वर्णन केले आणि जगात अन्यत्र ती कोठे असलीच तर कॅनडात असावी, कारण तेथील डोंगर व वने अशीच आहेत, असा तर्कही मांडला.

हे वर्णन कॅनडातील जोझेफ फ्रान्स्वा लाफितो या दुसऱ्या जेझुइट धर्मोपदेशकांच्या वाचनात आले. मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक लोकांच्या वस्तीत ते राहत होते. १७१६मध्ये तेथेच त्यांना ही वनस्पती सापडली. त्यांनी ती एका मोहॉक स्त्रीला दाखविली असता आपल्या नेहमीच्या औषधांपैकी ही एक असल्याचे तिने ओळखले. मोहॉक भाषेतील तिचे नावही माणसाच्या अवयवांशी असलेले साम्य सुचविणारे आहे, हे पाहून लाफितो विस्मित झाले. एका विशाल महासागराच्या दोन्ही तीरांवरील लोकांनी एकाच प्रकारच्या मुळीला एकाच कल्पनेवरून नाव दिले होते.

लवकरच फ्रेंच व्यापाऱ्यांनी कॅनडातील जिनसेंग चीनला धाडण्यास आरंभ केला. भाव चढला तशी अपक्व मुळी अवेळी खणली जाऊ लागली आणि सावकाश वाळविण्याऐवजी ती भट्टीत घाईने वाळविण्यात येऊ लागली. १७५०च्या दशकात चिनी व्यापाऱ्यांनी असा निकृष्ट माल नाकारला आणि कॅनडातील हा व्यापार कोसळला. लोभापायी स्वतःचाच बाजार बुडविल्याचे हे उदाहरण पुढील काळात वारंवार सांगितले गेले.

चीनला गेलेले पहिले जहाज

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध १७८३च्या तहाने संपले तेव्हा नव्या राष्ट्राची तिजोरी रिकामी होती आणि ब्रिटिश साम्राज्यातील जुन्या बाजारपेठा त्याला बंद झाल्या होत्या. चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी यांना अमेरिकेत मागणी होती; पण त्यांच्या बदल्यात चीनला हवे असलेले चांदीचे नाणे पुरेसे नव्हते. अशा वेळी ॲपलेशियन रानातील मुळी उपयोगी पडली.

२२ फेब्रुवारी १७८४ रोजी 'एम्प्रेस ऑफ चायना' हे जहाज न्यूयॉर्कहून कँटनकडे निघाले. चीनशी थेट व्यापार करणारे हे पहिले अमेरिकी जहाज होय. त्यावरील मालात सुमारे ३० टन जिनसेंग होते. पेन्सिल्व्हेनिया व व्हर्जिनिया येथील डोंगराळ भागांतून ते गोळा करण्यात आले होते. ऑगस्टमध्ये चीनला पोहोचलेले हे जहाज चहा व इतर माल घेऊन मे १७८५मध्ये परतले. या सफरीत सुमारे ३० हजार डॉलरचा नफा झाला आणि अमेरिकी व्यापाऱ्यांचे लक्ष पूर्वेकडे वळले.

त्याच सुमारास जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पश्चिमेकडील डोंगरांतून प्रवास करताना जिनसेंग लादलेले घोडे वाटेत भेटल्याची नोंद १७८४च्या रोजनिशीत केली आहे. केंटकीतील प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून यांनीही मोठ्या प्रमाणावर मुळी विकत घेऊन पूर्वेकडे पाठविली होती. ओहायो नदीत त्यांची नाव उलटून माल भिजला आणि त्यांना मोठे नुकसान सोसावे लागले. १८२२मध्ये अमेरिकेतून साडेसात लाख पौंडांहून अधिक जिनसेंग निर्यात झाल्याची नोंद आहे. आजची वन्य जिनसेंगची निर्यात त्या तुलनेत अल्प असून ती वर्षाकाठी काही दहा हजार पौंडांपर्यंतच असते.

डोंगरातील घरांचा रोख पैसा

एकोणिसाव्या शतकात ॲपलेशियन खेड्यांत नाणे फारसे दिसत नसे. गावातील दुकानदार मीठ, कापड, बंदुकीची दारू आणि कॉफी देऊन त्या बदल्यात वाळलेली मुळी, कातडी व मध स्वीकारीत. दुकानदाराकडून हा माल शहरातील घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून बंदराकडे जाई. अशा रीतीने, स्वतः कधी डोंगर न उतरलेल्या कुटुंबाचा संबंधही कँटनच्या बाजाराशी जोडला गेला होता.

हंगामी उत्पन्नाचा हा आधार संकटकाळात विशेष जाणवत असे. १८५७च्या आर्थिक मंदीनंतर मिनेसोटातील नव्या वसाहतकऱ्यांजवळ पैसा उरला नव्हता. १८५९च्या सुमारास जिनसेंगचे व्यापारी तेथे पोहोचले आणि मुळी खणून अनेक शेतकऱ्यांनी आपली देणी भागविली. विसाव्या शतकात वेस्ट व्हर्जिनिया व केंटकीतील कोळसा खाणींत काम कमी झाले अथवा संप झाले की खाणकामगार रानाकडे वळत. मुलांचे शाळेचे कपडे, नाताळची खरेदी किंवा जमिनीचा कर यांसाठी जिनसेंगचा पैसा राखून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत होती.

ही मिळकत पूर्ण वर्षभराचा निर्वाह कधीच करीत नाही. वाळल्यावर मुळीचे वजन साधारणतः एकतृतीयांशावर येते आणि एक पौंड भरण्यासाठी शंभर ते तीनशे मुळ्या लागतात. तेवढ्या गोळा करण्यासाठी अनेक दिवस चढउतार करावी लागते. साप, घसरड्या वाटा आणि रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता ही नित्याचीच असते. परंतु या कामास भांडवल लागत नाही आणि कोणाची चाकरी करावी लागत नाही, म्हणून डोंगरातील लोकांना त्याचा अभिमान वाटतो.

'सँग' आणि रानाची रीत

ॲपलेशियन बोलीत जिनसेंगला 'सँग' असे म्हणतात. मुळी खणण्यासाठी वापरावयाची छोटी कुदळ 'सँग'च्याच नावाने ओळखली जाते. कोणत्या झाडांच्या सहवासात ते वाढते, कोणत्या दिशेच्या उतारावर ते अधिक आढळते आणि पाने पिवळी पडली की ते दुरून कसे ओळखावे, हे ज्ञान आजोबांकडून नातवंडांकडे येते. चांगल्या जागा कुटुंबाबाहेर सहसा सांगितल्या जात नाहीत.

या ज्ञानाचा मोठा भाग मूळ रहिवाशांकडून आला आहे. चेरोकी लोकांमध्ये जिनसेंगचा मान फार मोठा होता. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मूनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदविलेल्या माहितीनुसार चेरोकी वैद्य रानात दिसलेली पहिली तीन रोपे सोडून देत आणि चौथे घेत. ते घेण्यापूर्वी वनस्पतीची प्रार्थना करून तिच्या देहाचा अल्पसा अंश नेण्याची अनुमती मागत. मुळी काढल्यावर त्या खड्ड्यात मूल्यादाखल एक मणी टाकून तो बुजविला जाई. या विधीत श्रद्धेबरोबरच संवर्धनाचा व्यवहारही होता, कारण चारांपैकी तीन रोपे आपोआप राखली जात.

गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांतही अशा काही रीती रुजल्या. लहान रोपाला हात लावू नये, फळे पिकल्यावाचून खणू नये आणि मुळी काढली त्याच जागी लाल फळांतील बी मातीत दाबावे, असे जुने खणणारे सांगत आले आहेत. आज अनेक राज्यांच्या कायद्यांत हीच कलमे आढळतात.

रान कोणाचे ?

ॲपलेशियन भागात कुंपण न घातलेले रान सर्वांच्या वापराचे आहे, असा संकेत दीर्घकाळ रूढ होता. मालकी कोणाचीही असली तरी गुरे चारणे, शिकार करणे आणि मुळी खणणे यांस सहसा हरकत घेतली जात नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमीन, इमारती लाकूड आणि कोळसा यांच्या कंपन्यांनी मोठी क्षेत्रे ताब्यात घेतल्यावर हा संकेत मोडू लागला. त्याच काळात अनेक राज्यांनी जिनसेंग खणण्याचा हंगाम ठरविणारे व परवानगीवाचून परक्या जमिनीत खणण्यास मनाई करणारे कायदे केले.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अमेरिकी लोकजीवन केंद्राने १९९०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील कोल नदीच्या खोऱ्यात या विषयाचा अभ्यास केला. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक मेरी हफर्ड यांनी तेथील लोकांच्या मुलाखतींतून असे दाखविले की, जिनसेंग शोधण्यास जाणे हा गावकऱ्यांच्या दृष्टीने रानावरील सामाईक हक्क जिवंत ठेवण्याचा मार्ग आहे. त्याच खोऱ्यात डोंगरमाथे सुरुंगाने उडवून कोळसा काढण्याचे काम चालू होते. उडविलेल्या माथ्याचा राडारोडा ज्या ओलसर घळींत टाकला जाई, त्याच घळींत जिनसेंग वाढत असे. मूठभर मुळी अवेळी खणणाऱ्यास दंड होतो आणि संपूर्ण डोंगर नाहीसा करणाऱ्यास परवाना मिळतो, ही तेथील लोकांची तक्रार या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

शेतातील आणि रानातील

१८८०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात जॉर्ज स्टँटन यांनी जिनसेंगची यशस्वी लागवड केली. १९०४च्या सुमारास फ्रॉम बंधूंनी विस्कॉन्सिनमध्ये लागवड सुरू केली आणि पुढे त्या राज्यातील मॅरेथॉन परगणा अमेरिकेतील जिनसेंग शेतीचे केंद्र बनला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातही मोठे उत्पादन होते. कृत्रिम सावलीखाली, खते व बुरशीनाशके वापरून हे पीक तीन ते चार वर्षांत काढले जाते. एकदा पीक घेतलेल्या जमिनीत रोगांमुळे पुन्हा जिनसेंग घेणे अवघड असते.

लागवडीमुळे वन्य मुळीची मागणी संपेल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. शेतातील मुळी जाड, गुळगुळीत व फिकट असते. रानातील मुळी दगडगोट्यांतून वाट काढीत वाढल्यामुळे सुरकुतलेली, काळपट व वेडीवाकडी होते आणि तिची मान व्रणांनी भरलेली असते. जाणकार ग्राहक या खुणा पाहूनच मोल ठरवितो आणि वन्य मुळीला लागवडीच्या मुळीपेक्षा अनेक पटींनी अधिक भाव देतो.

या दोहोंमधील एक मार्ग अलीकडे पुढे आला आहे. त्यात जमीनमालक आपल्याच रानात बी पेरतो आणि खत किंवा मशागत न करता रोपांना आठ-दहा वर्षे नैसर्गिकपणे वाढू देतो. या मुळीला वन्य मुळीच्या जवळपास भाव मिळू शकतो. मात्र दीर्घ प्रतीक्षा आणि चोरीची भीती या अडचणी त्यात आहेत. शिवाय ज्याच्याकडे स्वतःचे रान नाही, त्याला हा मार्ग खुला नाही.

कायद्याचे नियंत्रण

धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात अमेरिकी जिनसेंगचा समावेश १९७५मध्ये करण्यात आला. याचा अर्थ व्यापारावर बंदी नाही. मात्र त्यामुळे वनस्पतीच्या अस्तित्वास बाध येत नाही, हे निर्यात करणाऱ्या देशाला दाखवावे लागते. अमेरिकेत एकोणीस राज्यांतून वन्य जिनसेंगच्या निर्यातीस मान्यता आहे. निर्यातीसाठी मुळी किमान पाच वर्षे वयाची असावी लागते. बहुतेक राज्यांत हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि खरेदीदारांना नोंदणी करावी लागते.

कॅनडात ही वनस्पती संकटग्रस्त म्हणून घोषित असून तेथून वन्य जिनसेंगच्या निर्यातीस परवानगी नाही. आशियाई जिनसेंगची रशियातील वन्य संख्याही २०००पासून 'साइट्स'च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत जिनसेंग खणणे गुन्हा आहे. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात चोरट्या खोदाईचा त्रास अनेक वर्षांपासून आहे. तेथे मुळ्यांना न पुसणारा रंग लावून ठेवण्यात येतो, म्हणजे त्या बाजारात आल्यास ओळखता येतात. जप्त केलेल्या जिवंत मुळ्या पुन्हा रानात लावल्या जातात. नॉर्थ कॅरोलिनातील नँटाहला व पिस्गा या राष्ट्रीय वनांमध्ये घटती संख्या लक्षात घेऊन वनखात्याने २०२१मध्ये जिनसेंगचे परवाने देणे स्थगित केले. २०१४मध्ये या व्यवसायावरील दूरचित्रवाणी मालिका प्रसिद्ध झाल्यानंतर झटपट पैशाच्या आशेने रानात येणाऱ्या नवख्यांची भर पडल्याची तक्रार जुन्या खणणाऱ्यांनी व अधिकाऱ्यांनी केली होती.

घट का होत आहे ?

खोदाई हे घटीचे ठळक कारण असले तरी ते एकमेव नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स मॅकग्रॉ यांनी २००१मध्ये वनस्पतिसंग्रहालयांतील जुन्या नमुन्यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. कालांतराने जिनसेंगच्या रोपांचा आकार घटत गेल्याचे त्यातून दिसून आले. मोठी रोपे सातत्याने काढली गेल्यास मागे लहान रोपेच उरतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

मॅकग्रॉ व मेरी अॅन फ्युरेडी यांचा २००५मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला अभ्यास हरणांकडे लक्ष वेधणारा ठरला. लांडग्यांसारखे शिकारी प्राणी नाहीसे झाल्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या बेसुमार वाढली आहे. ती जिनसेंगची पाने व फळे खाऊन टाकतात. हरणांचा हा उपद्रव कमी झाला नाही, तर अभ्यासलेल्या भागातील जिनसेंग येत्या शतकात नष्ट होण्याचा संभव आहे, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. वृक्षतोड, खाणी आणि वाढती वस्ती यांची भर यात पडते. दुसरीकडे थ्रश पक्षी जिनसेंगची फळे खाऊन बी दूरवर टाकतात, असेही संशोधनात आढळले आहे. म्हणजे या वनस्पतीचे जगणे रानातील पक्ष्यांशीही बांधलेले आहे.

यातून एक आशादायक बाबही पुढे आली. पिकलेल्या फळांतील बी खणणाऱ्याने त्याच जागी सुमारे दोन सेंटीमीटर खोल पुरल्यास ते उगवण्याची शक्यता वाढते. जमिनीवर पडून राहिलेले बी उंदरांच्या भक्ष्यस्थानी पडते किंवा वाळून जाते. म्हणजे जुन्या खणणाऱ्यांची रीत शास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

औषधी गुण आणि भारतीय संदर्भ

जिनसेंगमध्ये जिनसेनोसाइड या गटातील रसायने असतात. थकवा, रक्तातील साखर आणि रोगप्रतिकारशक्ती यांवरील परिणामांविषयी प्रयोग झाले आहेत. तथापि त्यांतील बरेच प्रयोग लहान असून परंपरेने सांगितलेले सर्व गुण सिद्ध झालेले नाहीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन या औषधाचा परिणाम अमेरिकी जिनसेंगमुळे कमी होऊ शकतो, असे आढळले आहे. म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून ते घेणे योग्य नाही.

भारतात अश्वगंधेला 'भारतीय जिनसेंग' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः अश्वगंधा ही वांगी व टोमॅटो यांच्या कुळातील वनस्पती असून तिचा जिनसेंगशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. बलवर्धक म्हणून असलेली ख्याती एवढेच त्यांतील साम्य. जिनसेंगच्या व्यापाराशी खरे साम्य आढळते ते हिमालयातील कीडाजडीचे. उत्तराखंडातील पिथोरागड व चमोली जिल्ह्यांतील गावकरी बर्फ वितळताच उंचावरील बुग्यालांत मुक्काम करून ही बुरशी शोधतात. तिलाही चीनमध्येच मोठा भाव आहे, तिच्यामुळेही दुर्गम गावांत रोख पैसा आला आणि तिच्याबाबतही अतिवेचणीची चिंता आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२०मध्ये तिचा समावेश असुरक्षित जातींत केला.

वन्य जिनसेंग सरसकट बंद करावे, असे मत काही जण मांडतात. तसे केल्यास खुला व्यापार चोरट्या मार्गाला लागेल आणि बी पेरण्याचे ज्ञान असलेली माणसेच रानापासून दुरावतील, असे दुसरी बाजू सांगते. निर्बंध नसल्यास काय होते, हे अठराव्या शतकातील कॅनडाने दाखविले आहे. मुळीला वय मिळावयाचे असेल तर खणणाऱ्याला थांबणे परवडले पाहिजे, आणि आज थांबल्यास दहा वर्षांनी ते रोप त्याच जागी असेल, याची त्याला खात्री वाटली पाहिजे. खाण बंद पडलेल्या खोऱ्यात, दुसऱ्याच्या मालकीच्या रानात ही खात्री देणे अवघड आहे. ॲपलेशियन डोंगरांतील जिनसेंगचे भवितव्य हरणे आणि हवामान यांच्याइतकेच या खात्रीवरही अवलंबून राहील.